आजीची चाल फोन मोजेल, पुढे काय?

मोबाइलचा कॅमेरा समोर धरायचा. माणूस खुर्चीतून उठतो, थोडं चालतो, वळतो, परत येऊन बसतो. अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे उमटतात: पडण्याचा धोका किती, पायांत ताकद किती, तोल कसा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अशी साधनं आता प्रयोगशाळेतून दवाखान्यांत पोचली आहेत. सोलापूरसारख्या शहरात ती सरकारी पैशातून यावीत का आणि कुठल्या अटींवर यावीत, हे ती यायच्या आधी ठरलं पाहिजे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम शहराच्या पूर्व भागात चालतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ही साधनं यावीत, पण शिबिरासाठी नकोत. ज्या घरी आज मोजलं त्या घरी तीन महिन्यांनी परत जाणारं आणि मधल्या काळात व्यायाम करून घेणारं माणूस नेमलेलं असेल, तरच हा फोन बाहेर काढावा.

आपल्याकडे म्हातारपण कामाच्या खुणा अंगावर घेऊन येतं. यंत्रमागावरचा माणूस आयुष्यभर पाळीच्या पाळी उभा राहिलेला असतो, दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत येरझाऱ्या घालत. साठीला त्याचे गुडघे, टाचा आणि कान तिन्ही थकलेले असतात. कानाचं मुद्दाम सांगते, कारण ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त आढळतं आणि मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्यांना ऐकू कमी येणं इथे घरोघरी आहे. विडी वळणारी बाई तासन् तास मांडी घालून बसते. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली. तिला निवृत्ती नसते. हात चालतात तोवर ती वळते आणि वळलेला माल जमा करायला स्वतः चालत जाते. तिचं चालणं थांबलं की तिची कमाईही थांबते. म्हणून तिच्या चालण्याची काळजी घेणं हा तिच्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे.

चालण्याला वैद्यकात इतकं वजन का, हे थोडक्यात. २०११ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नऊ अभ्यासांमधल्या ३४,४८५ ज्येष्ठांची माहिती एकत्र मांडली गेली. वय, स्त्री की पुरुष आणि नेहमीच्या चालीचा वेग, या तीनच गोष्टींवरून माणूस आणखी किती जगेल याचा जो अंदाज निघाला, तो जुने आजार, रक्तदाब, वजन, धूम्रपान असं सगळं धरून काढलेल्या अंदाजाइतकाच बरोबर होता. चालताना हृदय, फुप्फुसं, स्नायू, नसा, डोळे आणि मेंदू हे सगळं एकाच वेळी राबत असतं. यातलं काहीही बिघडलं तरी ते चालीत उतरतं. आणि चाल बिघडली की पडणं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीच्या पुढची माणसं ९.९ टक्के होती. खुब्याचं हाड मोडलेली आजी ज्या घरात आहे, त्या घराला यापुढचं सांगायला नको.

हे ओळखायच्या चाचण्या जुन्या आहेत आणि जवळजवळ फुकट आहेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ‘टाइम्ड अप अँड गो’ ही त्यांतली सगळ्यांत चालती चाचणी. हातांच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या सूचनेप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या पुस्तिकेत आणखी सोपी चाचणी दिली आहे: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठबस, १४ सेकंदांच्या आत. याला लागतं ते घड्याळ आणि एक खुर्ची. तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट असावी. फक्त सेकंद हवे असतील तर एआय लागत नाही. केवळ सेकंद मोजून देणारं सॉफ्टवेअर कुणी महापालिकेला विकायला आलं, तर ते घेऊ नये.

मग कॅमेरा जास्तीचं काय देतो? बरंच देतो, आणि म्हणूनच मी या साधनांच्या बाजूने आहे. या प्रणालींना आधी हजारो छायाचित्रं दाखवलेली असतात. त्यांवर माणसांनी खांदा, कोपर, खुबा, गुडघा, घोटा यांच्या खुणा करून ठेवलेल्या असतात. त्यावरून शिकलेलं यंत्र नव्या चित्रात तेच सांधे कुठे असावेत याचा अंदाज बांधतं. गुगलच्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल शरीरावरचे ३३ बिंदू धरतं. साधा फोन सेकंदाला साधारण ३० चित्रं घेतो. प्रत्येक चित्रातले हे बिंदू जोडले की हलणारा सांगाडा मिळतो. त्यातून कळतं, की बारा सेकंदांपैकी चार सेकंद उठण्यातच गेले, की चालणं ठीक होतं पण वळायला सहा पावलं लागली, की उजव्या पायावर भार टाकायला माणूस कचरतोय. उठायला वेळ लागतो तिला मांड्यांचे व्यायाम हवेत. जिला वळता येत नाही तिच्या तोलावर काम करावं लागतं, पार्किन्सन या मेंदूच्या आजाराची शंकाही घ्यावी लागते. घड्याळाला हा फरक कळत नाही. अनुभवी फिजिओला कळतो, पण अनुभवी फिजिओ प्रत्येक वस्तीत नाही, आणि असला तरी सहा महिन्यांपूर्वी या आजी कशा वळत होत्या ते त्याच्या नेमकं लक्षात राहत नाही. केसपेपरवर ‘चाल मंद’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता अडचणी. पहिली अडचण लुगड्याची आहे. शिकवणीच्या छायाचित्रांत पँटमधली, अर्ध्या चड्डीतली माणसं भरपूर असतात. आमच्याकडे येणारी आजी सहावारी किंवा नऊवारी नेसून येते, बुरख्यात येते. आजोबा लुंगी किंवा धोतर नेसून येतात. गुडघा कापडाच्या आत असतो. दिसत नसलेल्या गुडघ्याची जागा यंत्र अंदाजाने ठरवतं आणि त्या अंदाजावरून गुडघ्याचा कोन अंशांमध्ये छापतं. लॅबमध्ये सांध्यांवर चमकते मार्कर चिकटवून, चहूबाजूंनी कॅमेरे लावून, जमिनीत दाब मोजणाऱ्या पट्ट्या बसवून जे मोजतात, त्याच्याशी या अंदाजाची तुलना साडी नेसलेल्या बायकांवर करून पाहिली आहे का, असा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. चांगली मॉडेल्स प्रत्येक बिंदूबरोबर आपल्याला किती खात्री आहे तेही नोंदवतात. ती खात्री कमी असेल तेव्हा यंत्राने ‘ही चाचणी धरता येत नाही’ असं सांगून थांबलं पाहिजे. चुकीचा आकडा देण्यापेक्षा आकडा न देणं सुरक्षित आहे, हे कंत्राटातच लिहून घ्यावं.

यंत्रं सगळ्या शरीरांना सारखी वागवत नाहीत, हे आता नवीन राहिलेलं नाही. करोनात घरोघरी पोचलेला पल्स ऑक्सिमीटर घ्या. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना तो यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होतं. ते साधन तोवर कित्येक वर्षं जगभर वापरात होतं. आपल्या विडी कामगार बायकांना तर याचा अनुभव दुसऱ्या दारात आला आहे. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू हाताळून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत आणि रेशनच्या दुकानात पुन्हा पुन्हा अंगठा लावावा लागतो. त्याच बाईला आता आपण दुसऱ्या यंत्रासमोर उभं करणार असू, तर ते यंत्र तिच्यासारख्यांवर आधी तपासलेलं असलंच पाहिजे.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. जवळपास सगळ्या चाचण्या खुर्चीपासून सुरू होतात. आमच्या कितीतरी घरांत खुर्ची ही पाहुण्यासाठी असते. आजीचा दिवस जमिनीवर जातो. जमिनीवर बसून ती विडी वळते, भाजी निवडते, जेवते, झोपते. संडासात उकिडवं बसते. तिला जगायला लागणारी हालचाल म्हणजे जमिनीवरून उठणं. खुर्चीतून उठण्याच्या परीक्षेत ती सहज पास होईल आणि पहाटे संडासातून उठताना भिंतीला धरून थरथरेल. उलटही होतं. सत्तरीची विडी कामगार मांडी मोडून एका झटक्यात उठते, कारण आयुष्यभर तिने तेच केलं आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांनी तिला शंभर पावलंही धड चालवत नाही. या दोघींना खुर्चीचा एकच आकडा लावला तर दोघींबद्दलही आपली समजूत चुकेल.

जमिनीवरून उठण्याची शास्त्रीय चाचणी नाही असं कुणी समजू नये. ब्राझीलचे डॉक्टर क्लाउदियो जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आहे. जमिनीवर बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच, असे दहा गुण. हात, गुडघा, कोपर असं काही टेकलं की प्रत्येक टेकूला एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा वजा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची २,००२ माणसं होती. तीन किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू होण्याचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त दिसलं. ब्राझीलमध्ये बांधलेली ही चाचणी सोलापूरच्या घराला खुर्चीपेक्षा जवळची आहे. कॅमेऱ्यालाही ती जमण्यासारखी आहे. हात कधी टेकला, गुडघा कधी टेकला, कुठल्या क्षणी शरीर डगमगलं, हे चित्रात दिसतं. अर्थात ब्राझीलचे गुण जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. गुडघा बदललेल्या आजींना डॉक्टरांनीच खाली बसू नका असं सांगितलेलं असतं. त्यांचे गुण कमी आले तर त्यात त्यांच्या ताकदीचा दोष नाही. आपल्याकडच्या माणसांची आपली नोंद लागेल, आणि ती तयार करण्याजोगी जागा सोलापुरात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत आहे, शेजारी रे नगर ही कामगारांची वसाहत आहे. एकाच प्रकारचं काम करून एकाच सुमारास म्हातारी होणारी इतकी माणसं, तीही कायमच्या पत्त्यावर, दुसरीकडे सहजासहजी मिळणार नाहीत. वर्षानुवर्षं त्याच घरी जाऊन त्याच माणसाला भेटायची सोय इथे आयती आहे.

त्याच माणसाला परत परत भेटणं, यातच या तंत्रज्ञानाचा खरा उपयोग आहे असं मी मानते. धोक्याची रेघ कुठे मारायची यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. स्नायूंच्या झिजेबाबत युरोपीय तज्ज्ञगट चालण्याच्या वेगाची रेघ सेकंदाला ०.८ मीटरवर मारतो, आशियाई गटाने २०१९ मध्ये ती १.० मीटरवर मारली. म्हणजे ०.९ च्या वेगाने चालणाऱ्या आजी एका यादीत ठीक आणि दुसऱ्या यादीत अशक्त. पण त्याच आजी उन्हाळ्यात ०.९ ने चालत होत्या आणि दिवाळीला ०.८ ने चालतात, हे कळलं तर कुठल्याच यादीची गरज उरत नाही. सेकंदाला ०.१ मीटरचा फरक वैद्यकात मोठा मानला जातो. चार मीटरच्या अंतरात तो जेमतेम अर्ध्या सेकंदाचा पडतो. घरातल्यांच्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण घरचे रोज बघतात आणि रोजच्या बघण्यात हळूहळू होणारी घसरण लपते. दर खेपेला त्याच पद्धतीने मोजणारा आणि मागची नोंद जपून ठेवणारा फोन ती दाखवू शकतो. आजीची तुलना कालच्या आजीशीच झाल्यामुळे अनोळखी शरीरांवरून काढलेल्या सरासरीचा प्रश्नही बराच सौम्य होतो. साडीमुळे होणारी चूक दोन्ही वेळा साधारण सारखीच होते, मधला फरक तरी हाती लागतो.

आता शिबिराचं. आपल्या शहराला शिबिरांची सवय आहे. कुणाची जयंती असो, गणेशोत्सव असो, मंडप पडतो, बॅनर लागतं, रक्तदाब-साखर तपासली जाते, चष्मे वाटले जातात. त्यातून चष्मा तरी घरी जातो. चाल मोजण्याच्या शिबिरातून काय घरी जाईल? ‘पडण्याचा धोका: जास्त’ असं छापलेला कागद. तो कागद मुलगा वाचतो, सून वाचते, घाबरतात. आणि प्रेमापोटीच आजीचं बाहेर जाणं बंद होतं. देवळात जाऊ नको, जिना चढू नको, बसून राहा. बसून राहिलं की मांड्या आणखी सुकतात, तोल आणखी जातो, मनात भीती बसते. पडण्याची भीती वाढली की पडण्याचं प्रमाण वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. उपायाशिवाय हातात ठेवलेला धोक्याचा आकडा माणसाला खरोखर धोक्यात घालतो. असे कागद घेऊन आलेली आणि घरात बसून आणखी अशक्त झालेली माणसं मी पाहते. त्यांच्या मुलांना दोष देता येत नाही. त्यांना पुढे काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

खरं तर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ अभ्यास आणि २३ हजारांवर माणसांची माहिती होती. नेमाने व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलं. तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम त्यांत विशेष उपयोगी ठरले. कट्ट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका रेषेत पाऊल टाकणं, उठबस. याला यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो आठवड्यातून दोन-तीन वेळा भेटणारा, करून घेणारा, दुखलं तर बदलून देणारा माणूस.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फिजिओ पुरेसे नाहीत, म्हणूनच तर यंत्र हवं. निदान धोक्यातली माणसं तरी कळतील. मला हे पटलं असतं, पण कळण्याची सोय तर आजही आहे. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहे: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, असाही प्रश्न आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा पातळीवर दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांसाठी तपासणी, वरच्या पातळीवर पुनर्वसनाचं काम करणारा कर्मचारी, अशी रचना कागदावर मांडलेली आहे. तेव्हा महापालिकेने आधी एवढंच सांगावं, की ज्या आजींनी त्या फॉर्मवर ‘हो’ म्हटलं त्यांच्या घरी त्यानंतर कोण गेलं. ती वाट सुरू झालेली असेल तर एआय तिचा वेग वाढवेल. ती बंदच असेल तर नव्या यंत्राने बंद दारासमोरची रांग फक्त लांबेल. आशाताईंच्या मानधनात आणि वेळेत भर न घालता हेही काम त्यांच्यावर टाकणं तर अन्यायाचं होईल.

आणि यंत्राला चाल दिसते, कारण दिसत नाही. पावलं आखूड पडतात ती मोतीबिंदूमुळे, की मधुमेहाने तळपायाची जाणीव गेल्यामुळे, की रक्तदाबाच्या गोळीने उभं राहताच चक्कर येते म्हणून, की अंगठा निसटणाऱ्या रबरी चपलेमुळे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. नवरा गेल्यानंतरच्या वर्षात बाईची चाल मंदावलेली मी कित्येकदा पाहिली आहे. तिथे व्यायामाच्या आधी जवळ बसून बोलणारं कुणी लागतं. शिवाय माणूस परीक्षेत चालतो तसा रस्त्यावर चालत नाही. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पंचाहत्तरी ओलांडलेल्या किती बायका डोक्यावर तुळस घेऊन मैलोन् मैल चालतात. त्यांतल्या काहींना दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर, अनोळखी माणसासमोर तीन मीटर चालायला सांगितलं तर त्या अडखळतील. ठेक्यावर पाऊल पडलं की चाल सुधारते, हे पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या उपचारांत वापरलंही जातं. आपल्या वारीत टाळ-मृदंग तेच काम करत असतील असं मला नेहमी वाटतं. यासाठी मोजणी घरी व्हावी, बोळात व्हावी, माणूस आपल्या चपला घालून आपल्या वाटेने जात असताना व्हावी. दहा बाय दहाच्या खोलीत तीन मीटर सरळ जागा मिळतही नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. हा आकडा उपचाराच्या बाहेर जाता कामा नये. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठी, वॉकर, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. उद्या कुणी म्हणेल, यंत्राने चाल चांगली दाखवली, मग वॉकर कशाला. अपंगत्वाच्या टक्केवारीत तो घुसेल, विम्याच्या हप्त्यात घुसेल. यंत्रमागाच्या कारखान्यात पन्नाशीच्या कामगाराला कमी करायला तो आयता पुरावा होईल. ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये युनायटेडहेल्थ या बड्या विमा कंपनीवर खटला दाखल झाला. वृद्ध रुग्णांना इस्पितळातून सुटल्यावर किती दिवस पुनर्वसन लागेल ते संगणकाच्या अंदाजावर ठरवून डॉक्टरांच्या मताविरुद्ध काळजी थांबवली, असा त्यात आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आहे. जिथे मजबूत वकील आणि न्यायालयं हाताशी आहेत तिथे हा वाद उभा राहतो. विडी घरकुलातल्या आजीला तर आपलं नाव कुठल्या आकड्यामुळे कापलं गेलं, हेही कळणार नाही.

चित्रफितींचंही तेच. घरात, अंगणात चालणाऱ्या बाईचं चित्रण हे तिचं आहे. सांधे ओळखून झाले की मूळ चित्रफीत फोनवरच पुसता येते, उपचाराला बिंदूंची नोंद पुरते. अर्थात नुसत्या चालीवरूनही माणूस ओळखता येतो, त्यामुळे ती नोंदही मोकळी सोडता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि समजून दिलेली असावी असं म्हटलं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही त्याच वर्षी आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. घरोघरी तेलुगू बोलल्या जाणाऱ्या पूर्व भागात समजून दिलेली संमती म्हणजे तेलुगूत बोलून घेतलेली संमती. शहराच्या इतर भागांत ती कन्नडमध्ये, उर्दूत घ्यावी लागेल. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं चालणार नाही.

तेव्हा महापालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने असं साधन घ्यायचं ठरवलं, तर निविदेच्या आधी दोन-तीन वस्त्या निवडून तिथे फिजिओ नेमावेत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या जागेत आणि विरंगुळा केंद्रांत आठवड्याचे व्यायामाचे वर्ग सुरू करावेत. वर्ग काही महिने टिकले की मग फोन आणावा. विक्रेत्याकडून साडी, लुंगी, बुरखा, काठी, बदललेला गुडघा या प्रत्येक बाबतीतली चूक वेगळी मागावी आणि किती चाचण्या यंत्राने स्वतःहून नाकारल्या तेही मागावं. यश किती हजार ज्येष्ठांची तपासणी झाली यावर मोजू नये. तीन महिन्यांनी किती जणांची दुसरी मोजणी झाली आणि त्यांतले किती जण वर्गाला येत होते, हे जाहीर करावं. आणि प्रत्येक मोजणीनंतर आजीच्या हातात तिच्या भाषेत छापलेला एक कागद पडावा. मागच्या वेळी उठायला किती वेळ लागला होता, या वेळी किती लागला, आता कुठले तीन व्यायाम करायचे, वर्ग कुठे आणि कुठल्या वारी भरतो, आणि न जमल्यास कुणाला फोन करायचा, एवढं त्यावर असलं तरी पुरे. ‘धोका’ हा शब्द त्यावर छापू नये.